गार भट्टी

बाजारात मंदी आली आणि बार्शीच्या मंदाकिनीबाईंच्या बेकरीत पूर्वीच्या निम्माही पाव खपेना. तरी बाईंनी चारही कारागिरांना आळीपाळीने कामावर ठेवलं होतं. भागीदार रावसाहेबांना ते मुळीच पटेना. एके सकाळी गरम खारी चहात बुडवत ते म्हणाले, "बाई, धंद्यात माया चालत नाही. सगळ्यांना आजच घरी पाठवा. बाजार सुधारला की एक हाक मारा, धावत येतील!"

कारागिरांचे पिठात रुतलेले हात तिथेच थांबले.

"बरं," म्हणत बाई एका कारागिराकडे वळल्या. "युनूसभाई, बादलीभर पाणी आणा आणि आधी ही भट्टी विझवा. उगाच लाकडं जळतात."

रावसाहेब ताडकन उठले. "अहो, वेड लागलं का? भट्टी एकदा गार पडली की तापायला दोन दिवस लागतात! विटा तडकतात ते वेगळंच!"

बाई हसल्या. "विटांचं एवढं कळतं तुम्हाला, मग गार पडलेली माणसं एका हाकेत कशी तापतील हो?"

रावसाहेबांची खारी चहात विरघळून गेली. युनूसभाईंनी आणलेली बादली त्यांनी स्वतःच बाजूला सरकवली आणि ते पुटपुटले, "दोन लाकडं घाला आत. आणि कुणी घरी जायचं नाही."