न हलणारा आकडा

“म्हणजे त्या बाईचं खरं आणि माझं यंत्र खोटं? असंच म्हणायचंय ना तुम्हाला, सर?”

मुजावर सरांनी आच कमी केली. त्यांचं लक्ष स्टोव्हवरच्या चहाकडे होतं.

“मी एवढंच विचारलं,” ते म्हणाले, “की तू तिला भेटलास का?”

“गरज नाही. तिचा जबाब वाचलाय मी.”

यशोधन बिनीवाले पुण्याहून मिरजेला आला होता तो वाद घालायला नव्हे, एक सही घ्यायला. सूक्ष्म कंपकांची, म्हणजे थरथरणाऱ्या बारीक पट्ट्यांची, वारंवारता सर्किटनं कशी मोजायची, हे त्याला याच म्हाताऱ्यानं शिकवलं होतं. आता यशोधन एका कंपनीचा मुख्य संशोधक होता आणि म्हातारा निवृत्त होऊन एका खोलीत, सोल्डरच्या वासात राहत होता.

यंत्र साधं होतं. डब्यात एक चिप. चिपवर केसापेक्षा बारीक अशी सिलिकॉनची पट्टी. वीज तिला हलवते आणि ती आपल्या ठरावीक गतीनं थरथरत राहते. विषारी वायू तिच्यावरच्या लेपाला चिकटला की ती जड होते, थरथर मंदावते, सेकंदाला किती वेळा थरथरली तो आकडा उतरतो आणि दिवा लाल होतो. हवा चांगली असली तर हिरवा.

गटारात उतरण्याआधी हा डबा दोरीला बांधून खाली सोडायचा, वरून दिवा पाहायचा आणि मगच माणूस उतरवायचा. ठेकेदाराच्या माणसांना तसं शिकवलं होतं. एका गावात शेवंताबाई सकटनं दोरी धरली होती. खाली तिचा नवरा उतरला, त्याच्या मागे दीर. दोघांपैकी कुणीही चालत वर आलं नाही.

दिवा हिरवा होता, असं ती म्हणाली. पोलिसांना म्हणाली, तहसीलदारांना म्हणाली, चौकशी समितीलाही म्हणाली.

समितीनं तो डबा सुरू करून पाहिला. आकडा जिथल्या तिथे होता. मग डबा सील झाला आणि गुन्हा नोंदवला गेला. ठेकेदारावर नाही, कंपनीवर नाही. शेवंताबाईवर. डबा खाली न सोडताच तिनं दोघांना उतरवलं, असा. उद्या सुनावणी होती.

“सरळ हिशेब आहे, सर,” यशोधन म्हणाला. “डबा खाली सोडला असता तर दिवा लाल झाला असता. डबा धडधाकट आहे. म्हणजे तो सोडलाच नाही. एवढंच लिहिलंय मी. तुमची सही झाली तर समितीला शंका उरणार नाही.”

“आणि तिला?”

“तिला काय?”

“काही नाही. साखर संपलीय, तसाच घे.”

यशोधननं कप बाजूला ठेवला. बॅगेतून एक डबा काढून टेबलावर मांडला.

“हा त्याचा जुळा भाऊ. त्याच गावात, त्याच गटारांत पूर्ण पावसाळाभर वापरलेला. तुम्ही पुराव्याशिवाय सही करणार नाही, हे ठाऊक होतं मला.”

“शिकलास म्हणायचं.”

त्यानं डब्याचं झाकण उघडलं, वायर जोडली, डबा बाजूला सारला आणि लॅपटॉप पुढ्यात ओढला. पडद्यावर एक हिरवी रेघ उमटली. आखल्यासारखी सरळ.

“बघा. एकतीस हजार चारशे सात. कारखान्यातून निघताना हाच होता. चिखल खाऊन आला, मार खाऊन आला, तरी हाच. इतकी स्थिर वारंवारता तुमच्या प्रयोगशाळेत कधी दिसली होती?”

“नाही,” सर म्हणाले. “आमच्या पट्ट्या फार चुळबुळ करायच्या. दार लोटलं तरी आकडा हलायचा. ऊन आलं तरी हलायचा.”

“तो गोंगाट मी काढून टाकला. एवढ्या बारीक गाळणीतून सिग्नल घेतो की या वारंवारतेच्या आसपासचं सोडून सर्किटला काही ऐकूच येत नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

सर उठले, त्याच्या मागे, उघड्या डब्यापाशी जाऊन उभे राहिले.

“मेलेल्या माणसाचा हातही फार स्थिर असतो,” ते म्हणाले.

यशोधन हसला. सरांच्या टोमण्यांची त्याला सवय होती. विद्यार्थी असताना तो त्यांना घाबरायचा. आता या टोमण्यांत त्याला वयाचा कडवटपणा तेवढा दिसत होता.

“मला चष्म्याशिवाय पडदा दिसत नाही,” सर मागून म्हणाले. “आकडा वाचून दाखव.”

“चारशे सात.”

“वाचत राहा.”

“चारशे सात… चारशे सात… सर, दिवसभर वाचला तरी तोच राहील. चारशे सात.”

“आता?”

“चारशे सात.”

“आणि आता?”

“तोच. सांगितलं ना तुम्हाला, तो हलत नाही.” यशोधन वैतागून वळला.

सरांच्या एका हातात चिमटा होता. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर चिप होती.

यशोधननं डब्यात पाहिलं. चिपची जागा रिकामी होती.

त्यानं पडद्याकडे पाहिलं.

एकतीस हजार चारशे सात. डब्याच्या कडेला दिवा हिरवा.

…

 सरांनी चिप यशोधनच्या पुढ्यात ठेवली आणि कोपऱ्यातला मायक्रोस्कोप त्याच्याकडे सरकवला.

यशोधननं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पट्टी मोडली नव्हती. ती खाली वाकून तळाला चिकटून बसली होती. इतक्या बारीक वस्तूला चिकटून बसायला ओलाव्याचा एक कण पुरतो, हे त्याला माहीत होतं. परीक्षेत त्यानं ते लिहिलंही होतं.

“ही एखादी असेल खराब,” तो म्हणाला.

“असेल.”

“त्या सीलबंद डब्यात तसं असेलच असं नाही.”

“नाही. उघडून बघा म्हणावं.”

“ते उघडणार नाहीत. आकडा बरोबर आहे, मग उघडायचं कशाला, असं म्हणतात.”

“असं कोण म्हणतं?”

यशोधननं मान खाली घातली. समितीला हे वाक्य त्यानंच दिलं होतं.

बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. यशोधननं पुन्हा एकदा मायक्रोस्कोपला डोळा लावला.

“पट्टी केव्हाच गप्प झाली होती,” सर म्हणाले. “मग इतके दिवस बोलत कोण होतं?”

उत्तर यशोधनला येत होतं. पट्टीला ढकलणारी वीज पट्टीला वळसा घालून थेट मोजणाऱ्या बाजूला झिरपत होती. त्याच्या गाळणीनं तिच्यातला नेमका तोच सूर निवडून पुन्हा पाठवला होता, पुन्हा ऐकला होता, पुन्हा पाठवला होता. वायू असो वा नसो. पट्टी असो वा नसो.

“मी,” तो म्हणाला.

…

मग त्यानं फोन लावला. कंपनीचे संचालक मीटिंगमध्ये होते, तरी त्यांनी उचलला. यशोधननं सगळं सांगितलं. सगळे डबे आजच्या आज परत मागवा म्हणाला.

“बिनीवाले, एका चिपवरून घाबरून जाऊ नका. उद्याची सुनावणी होऊ द्या, मग शांतपणे बसू.”

“तोवर माणसं उतरतील, साहेब. हिरवा दिवा बघून उतरतील.”

“आपलं यंत्र नव्हतं तेव्हाही ती उतरतच होती.”

यशोधननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आणि ती चिप बाहेर काढली कुणी?” संचालकांनी विचारलं. आवाज अजून मऊच होता. “समितीची परवानगी होती? नाही ना? मग उद्या तुम्ही काही वेडंवाकडं बोललात, तर आमचे वकील एवढंच म्हणतील, की तुम्ही यंत्राशी छेडछाड केलीत. तुमची सही असलेले चाचणीचे अहवाल आमच्याकडे आहेत. सगळे उत्तम आहेत.”

फोन बंद झाला.

पडद्यावरची रेघ तशीच सरळ होती. यशोधननं वायर उपटली तेव्हा ती गेली.

त्यानं सहीसाठी आणलेला कागद फाडला. सरांकडे कोरा मागितला. लिहायला लागला, खोडलं, पुन्हा लिहिलं. डबा खाली सोडला असण्याची पूर्ण शक्यता आहे. दिवा हिरवा दिसला असण्याची पूर्ण शक्यता आहे. ती वाक्यं त्यानं वाचून पाहिली. ‘शक्यता’ खोडून टाकली आणि खाली सही केली. हात थरथरत होता, सही नेहमीसारखी आली नाही.

“मी उद्या हे वाचीन,” तो म्हणाला. “पण काही उपयोग नाही, सर. माझेच अहवाल माझ्या तोंडावर फेकतील. चिप तुम्ही काढलीत, म्हणून तुम्हालाही ओढतील. त्यांच्याकडे आकडे आहेत, वकील आहेत, समिती आहे. माझ्याकडे काय आहे? मी बघितलं, एवढंच. माझ्या डोळ्यांनी बघितलं, एवढंच म्हणू शकतो मी.”

सरांनी फाटलेल्या कागदाचे तुकडे गोळा केले.

“हसतील मला. खोटारडा म्हणतील.” त्याचा आवाज फाटला. “त्या खोलीत माझं कोण खरं मानणार आहे, सर?”

“कुणीच नाही.”

…

म्हाताऱ्यानं गार झालेला चहा पुन्हा स्टोव्हवर चढवला.

“आता जा. शेवंताबाईच्या शेजारी उभा राहा.”