चिंचसाळची राहिलेली ओळ

आळीच्या या टोकाला दोन आणि त्या टोकाला, देवळासमोर दोन, असे जे दगडी खांब दिसतात ना, ते गुरे बांधायचे नाहीत. मागे एक पाहुणे तसे लिहून गेले, म्हणून आधीच सांगतो. हे पाजणीचे खांब. चिंचसाळ हे कोष्ट्यांचे गाव. लुगडे मागावर चढण्याआधी त्याचा ताणा, म्हणजे उभे सूत, या खांबांच्या मधे आळीभर ताणायचे, त्याला पिठाची खळ लावायची आणि ती वाळायच्या आत दोन्ही अंगांनी कुंचे फिरवून धागा न् धागा सुटा करायचा. याला पाजणी म्हणतात. हे एका घराचे काम नव्हे. ज्याची पाजणी असेल त्याच्यासाठी सकाळी अख्खी आळी कुंचे घेऊन उतरते. आता हातमाग थोडेच उरलेत, पण पाजणी होते आणि पाजणीची कवनेही होतात.

मघाशी तुम्ही हसलात ते मी पाहिले. कवन रचणारा गडी मुकाट्याने कुंचा मारतोय आणि त्याचे कवन शेजारची बाई म्हणतेय, हे बघून पाहुण्यांना हसू येतेच. आमच्याकडे आपले कवन आपण म्हणत नाही. आधी ते दुसऱ्याला शिकवायचे, त्याच्या तोंडी नीट बसले की मग त्याने म्हणायचे. हे असे का, ते सांगतो. गोष्ट जुनी आहे. किती जुनी यावर आमच्यातच भांडणे आहेत, त्यात तुम्ही पडू नका.

असे सांगतात की त्या काळी रीत नेमकी उलटी होती. ज्याचे कवन त्यानेच म्हणायचे. दुसऱ्याच्या कवनातला एक शब्दही आपल्या तोंडून निघता कामा नये. कोष्ट्याच्या घरातले मूल रांगायला लागले की त्याला पहिली शिकवण मिळते ती हीच, की दुसऱ्याच्या मागाला हात लावायचा नाही. आमच्या पूर्वजांनी हा कायदा कवनालाही लावला. कवनाचे वेड तर असे, की घरात मीठ नसले तरी चालेल, पण पाजणीला नवे कवन पाहिजे. ऐकावे सगळ्यांनी, माना डोलवाव्यात, डोळे पुसावेत, पण घरी जाऊन गुणगुणायचेसुद्धा नाही. असला खुळेपणा शहाण्या माणसांनाच सुचतो.

तेव्हा या आळीत बयाक्का नावाची बाई राहत होती. ऐन उमेदीत नवरा गेला, तेव्हा तिने स्वतः मागाच्या खड्ड्यात पाय सोडले आणि एकुलत्या लेकीला वाढवले. लेकीचे नाव सुंद्रा. आईच्या शेजारी बसून सुताच्या कांड्या भरण्याएवढी झाली होती पोर. एका उन्हाळ्यात गावात पटकी आली. सकाळी सुंद्रा दारात उभी राहून आईशी काहीतरी बोलली, आणि दिवस मावळायच्या आत गेली.

बयाक्काने मग कित्येक महिने तोंड उघडले नाही. एकदा नरसाप्पाची पाजणी होती. नरसाप्पा म्हणजे तिचा चुलत दीर आणि आळीचा पंच, वागायला सुतासारखा सरळ माणूस. त्या दिवशी कुंचा मारता मारता बयाक्का एकाएकी बोलू लागली, आणि ती जे बोलली ते सुंद्राचे कवन होते. पोर कशी चालायची, ओच्यात गाभुळी चिंच लपवून कशी आणायची, रुसली की कुठे जाऊन बसायची, सगळे त्यात होते. त्यातल्या या दोन ओळी ऐका:

कांडी भरता भरता डोळा लागला पोरीचा,
बोटाला गं राहिला फेरा सुताच्या दोरीचा.

आळीभरचे हात जागच्या जागी थांबले. कवनाच्या शेवटच्या ओळीत सुंद्राचे त्या सकाळचे बोलणे होते, तिच्याच शब्दांत. कवन संपले तेव्हा ताण्यावरची खळ वाळून कडक झाली होती. अख्ख्या लुगड्याचे सूत वाया गेले. सूत नरसाप्पाचे, पण त्याचे तिकडे लक्षच नव्हते म्हणे. तो खांबाला टेकून रडत होता.

त्यानंतर पाजणी कुणाचीही असो, बयाक्काला सुंद्राचे कवन म्हणायला लावायचे, असे होऊन गेले. तीही आनंदाने म्हणायची. तिच्याजवळ लेकीचे दुसरे काही उरलेच नव्हते. परकर-पोलकी पटकीच्या भीतीने जाळून टाकली होती. ती म्हणायची, पोरीचा तोंडवळासुद्धा आता धड डोळ्यांपुढे येत नाही, पण कवन म्हटले की पोर दारात येऊन उभी राहते. आळी मात्र एकदा पोळली होती. सूत पुन्हा वाया जाऊ नये म्हणून शेवटची ओळ आली की सगळे खाली वाकून भराभर कुंचे मारू लागत. खाली वाकले की डोळ्यांतले पाणीही कुणाला दिसत नाही. त्यामुळे ती ओळ कुंच्यांच्या सळसळीत बुडून जायची, आणि त्याचे कुणाला काही वाटत नसे. बयाक्का कुठे जातेय, पुढच्या पाजणीला म्हणेलच की.

वर्षे गेली, बयाक्का म्हातारी झाली. आधी मागावरचा धोटा कुठे ठेवला ते विसरायची, मग तव्यावरची भाकरी विसरू लागली. आणि एका पाजणीला कवन म्हणता म्हणता ती अडली. एक शब्द तिला आठवेना. आळीतल्या झाडून साऱ्यांना तो येत होता, साऱ्यांच्या ओठांवर आला होता, पण कुणी उच्चारला नाही. ती तेवढी जागा सोडून पुढे गेली. पुढच्या पाजणीला आणखी शब्द गेले. जुन्या लुगड्यासारखे ते कवन जागोजागी विरत चालले होते, आणि विणणारी सगळी आळी हातावर हात ठेवून पाहत होती.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी बयाक्का मधेच थांबली आणि तिने सगळ्यांपुढे हात जोडले.

“शबुद तुमच्या समद्यांच्या तोंडात हाय, मला दिसतोय. सांगा की रं कुनीतरी. माजी लेक चाललीया त्यात.”

सगळ्यांनी नरसाप्पाकडे पाहिले. तो शब्द त्याच्याही जिभेवर होता, असे तो पुढे मरेपर्यंत सांगत असे. तो म्हणाला, “वैनी, तुमच्या मागाला आमी हात कसा लावावा?”

त्याला निष्ठुर म्हणू नका. रीत वाडवडिलांनी चौंडेश्वरीसमोर घातलेली, ती मोडायची तर देवीसमोरच, पौषातल्या जत्रेत, साऱ्या गावाच्या साक्षीने मोडायला हवी होती. जत्रेत पहिली गोष्ट तीच काढीन, असा त्याने तिला शब्द दिला. पण अजून दिवाळीही व्हायची होती.

मधल्या दिवसांत आळीतल्या बायांनी काय काय केले, ते ऐकून तुम्हाला पुन्हा हसू येईल. शब्द सांगायचा नाही, पण आठवण करून द्यायला कोण अडवतो? ज्या ओळीत चिंच होती ती अडली की त्या बयाक्काच्या हातावर गाभुळी चिंच ठेवायच्या. कांडीची ओळ अडली की समोर बसून कांड्या भरायच्या. बयाक्का चिंच चोखायची, आंबट आहे म्हणायची आणि बी पदरात पुसून ठेवायची. शब्द काही परत यायचा नाही.

जत्रा आली. नरसाप्पाने देवीला कौल लावला, देवीने उजवा दिला, रीत मोडली. विरोधात एकही माणूस बोलला नाही. पण बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत. तोवर बयाक्का शब्दच नव्हे, कवन म्हणून काही होते हेही विसरली होती.

जत्रेनंतरच्या पहिल्या पाजणीला तिला आणून आळीच्या मधोमध घोंगडीवर बसवले, आणि आळीने पहिल्यांदा तोंड उघडले. तेव्हा कळले की जे जन्मभर नुसते ऐकले ते कानाला ठाऊक असते, जिभेला नसते. एकाने ओळ म्हणावी, दुसऱ्याने ती दुरुस्त करावी, तिसऱ्याने दोघांना चूक ठरवावे. तरी नेटाने, शब्दाला शब्द सांधत ते पुढे गेले. जो शब्द दसऱ्यानंतर गिळला होता, तो नरसाप्पाने दिला. अगदी साधा, रोजच्या बोलण्यातला शब्द होता म्हणतात. असे करत सगळे इथवर आले:

उंबऱ्यात उभी सुंद्रा, हात धरून चौकटी,

आणि थांबले. पुढची ओळ कोण म्हणतो, म्हणून जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला. ती ओळ कुणालाच येत नव्हती. ती चालू असताना सगळेच खाली वाकून कुंचे मारत होते. पहिल्या दिवशी ती सर्वांनी नीट ऐकली होती खरी, पण ती ऐकणारे अर्धे लोक आता नव्हते, आणि उरलेल्यांना रडल्याचे आठवत होते, शब्द आठवत नव्हते.

बयाक्का सारा वेळ मन लावून ऐकत होती. तिने विचारले, “ग्वाड हाय गं. कुनाची म्हनायची ही पोर?”

नरसाप्पा म्हणाला, “तुमचीच की वैनी.”

दीर थट्टा करतोय असे वाटून ती हसली. मग तिने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत विचारले, “मग फुडं? दारात हुबी ऱ्हाऊन काय म्हनली ती?”

बाया तोंडाला पदर लावून घरात गेल्या. नरसाप्पा तिच्यासमोर तसाच बसून राहिला.

बयाक्का त्यानंतरही बरेच दिवस जगली, आणि प्रत्येक पाजणीला तिने तेच विचारले. पुढे एकदा एक हरिदास गावात उतरले होते. त्यांनी हकीकत ऐकून यमक जुळणारी एक सुरेख ओळ करून दिली. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला म्हणे. नरसाप्पाने त्यांच्या हातात नारळ दिला, पाया पडला आणि म्हणाला, “महाराज, पोर काय बोलली त्ये आमाला ठावं न्हाई. पर ह्ये न्हवं.” मरण्याआधी त्याने आळीकडून देवीसमोर शपथ घेतली, की या गावात कुणीही आपले कवन आपल्याच तोंडात ठेवणार नाही.

आजही पाजणीच्या शेवटी सुंद्राचे कवन आम्ही सगळे मिळून म्हणतो. चौकटीपाशी येतो आणि थांबतो. आळीतली सगळ्यांत म्हातारी बाई विचारते, “फुडं काय म्हनली ती?” आणि एका ओळीला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ आम्ही कुंचे वर धरून उभे राहतो. तेवढ्यात खळ वाळते. म्हणून चिंचसाळच्या लुगड्याला एका जागी सूत कडक लागते. व्यापारी त्याला खोट म्हणतात. खोटच आहे ती. पण त्या ओळीला कुंचा हलवायचा धीर आमच्या आळीत अजून कुणाला झालेला नाही.