पलीकडच्या वाडीवरचे कलिंगड

नदीकाठच्या एका गावी भांड्यांचा एक व्यापारी राहत असे. गेल्या वर्षी साध्या तापाचे निमित्त झाले आणि त्याची एकुलती एक लेक, वेणू, गेली. तिची एक इच्छा अपुरी राहिली होती. घाटासमोरचा डोह पोहून पार करायचा आणि पलीकडच्या वाळूतल्या वाडीवर बसून, वेलावरून नुकतेच तोडलेले कलिंगड खायचे. घरी आणलेल्या कलिंगडाकडे ती नाक मुरडून बघे. तिला स्वतः पोहून जाऊनच ते खायचे होते.

वर्ष सरत आले तेव्हा व्यापाऱ्याने ठरवले, की वर्षश्राद्धाच्या आत लेकीचे हे स्वप्न आपण पुरे करायचे. वय पन्नाशीचे, पोट सुटलेले आणि पाण्याशी संबंध काय तो आंघोळीपुरता! तरीही तो घाटावरच्या आबांकडे गेला. आबा पट्टीचे पोहणारे. निम्म्या गावाला त्यांनी पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकवले होते.

व्यापारी श्रद्धाळू होता. लेकीसाठी करायचे म्हणजे ते व्रतच, असे मानून त्याने मनोमन नेम केला, की रोजचे पोहणे आटोपेपर्यंत अन्न घ्यायचे नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. आता निर्जळी उपवास करणाऱ्याने उतरायचे कुठे, तर डोहात! थेंब तोंडात जाऊन व्रत मोडू नये म्हणून तो दातखीळ बसल्यासारखे ओठ मिटून घेई. मग श्वास कुठून घेणार? पाठीला भोपळा असेतो तरंगे. भोपळा सोडला, की भरल्या घागरीसारखा तळाची वाट धरे. आबा बखोटीला धरून त्याला वर काढत.

श्राद्धाचा दिवस अगदी तोंडावर आला आणि व्यापाऱ्याचा धीर सुटला. "आबा, माझ्याच्यानं होणार नाही. पोरीचं एवढं एकच मागणं होतं, तेही माझ्या हातून होत नाही."

आबांनी त्याला गळाभर पाण्यात उभे केले. मग तो पिकल्या केसांचा माणूस धोतराचा काचा मारून घाटाच्या कठड्यावर चढला आणि गुडघे छातीशी घेऊन त्याने जो मुटका मारला, तो थेट व्यापाऱ्याच्या नाकासमोर! पाणी उसळले. व्यापारी "अहो!" म्हणून ओरडला आणि घोटभर नदी त्याच्या पोटात गेली.

"काय केलंत हे, आबा? व्रत मोडलंत माझं!"

"कसलं व्रत?"

व्यापाऱ्याने रागारागात सगळे सांगून टाकले. आबा आधी बघतच राहिले आणि मग इतके हसले, की त्यांना पायरीचा आधार घ्यावा लागला. व्यापाऱ्याला ते फार लागले.

"रागावू नका, शेटजी. मला सांगा, पलीकडे जाऊन वेणू काय करणार होती?"

"कलिंगड खाणार होती."

"आणि तिच्या वतीनं तुम्ही उपाशी निघालात?"

व्यापारी पलीकडच्या वाडीकडे बघू लागला. तेव्हा आबा मायेने म्हणाले, "तुमचं दुःख मोठं आहे. त्यासाठी हवं तितकं रडा, कुणी अडवणार नाही. पण ते दुःख तुमचं आहे आणि हे स्वप्न तिचं. तिच्या स्वप्नात डोह होता, वाडी होती, हनुवटीवरून ओघळणारा रस होता. ते पुरं करायचं तर तिच्यासारखंच करायला हवं. उद्या न्याहारी करून या. आणि तोंड उघडं ठेवा."

व्यापाऱ्याला स्वतःचेच हसू आले. "खरंच की! ती असती तर म्हणाली असती, बाबांना वेड लागलंय."

दुसऱ्या दिवशी तो भोपळ्याविना निघाला. आबा शेजारून पोहत होते. तोंडात पाणी गेले, ते त्याने खुशाल थुंकले. दमला, तेव्हा उताणा पडून आभाळ बघत राहिला. असे करत करत पायाला पलीकडची वाळू लागली. वाडीवरच्या बाईने बुक्की मारून कलिंगड फोडले आणि व्यापाऱ्याने त्यात तोंडच खुपसले. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तोंडाने तो हसत होता. त्याने दोन्ही होऊ दिले. पोट इतके भरले, की परतताना नाव बोलवावी लागली.

एक कलिंगड खांद्यावर घेऊन तो घरी आला. पत्नीने वर्षभर गोडाला हात लावला नव्हता. त्याने सगळी हकीकत सांगितली आणि तिच्यापुढे कलिंगड कापले.

"तिला आवडलं असतं का हो?" तिने हलक्या आवाजात विचारले.

"आवडलं असतं. आपल्याला एक फोडसुद्धा उरू दिली नसती तिनं."

माउली डोळे पुसत हसली. मग तिने हात पुढे केला. "ती मोठी फोड द्या इकडे."