एका सफरचंदाचं झाड

नाताळच्या झाडाला खरीखुरी सफरचंदं टांगायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका डोंगराळ गावात त्या वर्षी थंडीने फुलोरा करपला आणि गावभर मिळून एकच सुरकुतलेलं सफरचंद उरलं. मग काच फुंकणाऱ्या योहानने भट्टी पेटवली, नळीतून फुंकर घातली आणि आरशासारखे चकचकीत लाल गोळे बनवले.

झाडावर टांगल्यावर सगळ्यात छोट्या गोळ्याला तर आनंदाने नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात शेजारीच टांगलेलं ते सुरकुतलेलं सफरचंद फणकारलं, "ए पोकळ्या, वास आहे का तुला? चव तरी? मुलं आली की रडतील, बघच तू!"

गोळ्याचं तोंड एवढंसं झालं. "आजोबा, माझ्यात योहानकाकांची फुंकर आहे. दुसरं काहीच नाही."

"तेच तर म्हणतोय मी!"

दार उघडलं. मुलं धावत आत आली आणि झाडासमोर थबकली. आता ही रडणार, असं गोळ्याला वाटलं. इतक्यात योहानची मुलगी लीझल पुढे आली. तिने मेणबत्ती उंच धरली आणि ती ओरडलीच, "अय्या, किती ही सफरचंदं!"

"कुठे? कुठे?" आजोबांनी डोळे ताणून पाहिलं. शेजारच्या छोट्या गोळ्यात ते स्वतःच होते. पलीकडच्या गोळ्यातही होते. झाडभर, प्रत्येक गोळ्यात एकेक सफरचंद, सुरकुत्यांसकट!

मुलं टाळ्या पिटत झाडाभोवती नाचू लागली.

"पोरा," आजोबा हळूच म्हणाले, "जरा स्थिर राहा रे. तुझ्यात मी फार छान दिसतोय."

गोळ्याला अजूनही नाचावंसं वाटत होतं. पण तो जराही हलला नाही.