तांबखेड्याचं शिष्टमंडळ

तांबखेडे नावाच्या गावात झुंबर नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा गावाचा शब्द. माझा शब्द वेगळा आहे, पण तो छापता येत नाही.

गावाजवळचं रेल्वे फाटक बंद करून तिथे भिंत घालायचं चाललं होतं. दवाखाना रुळांपलीकडे. भिंत आली की चौदा किलोमीटरचा वळसा. निवृत्त शिक्षिका हिवाळेबाईंची सून गरोदर होती, आणि तिचं पहिलं मूल दवाखाना गाठेपर्यंत हातचं गेलं होतं. बाईंना धसका बसला होता. त्यांनी ठरवलं, खासदारांना भेटायचं आणि रुळांखालून भुयारी रस्ता मागायचा.

पण पुढे बसून बोलायचं कोणी? गावात दोन पार्ट्या. एकीचा माणूस पुढे बसला की दुसरी घरी बसणार. बाई पुढे बसल्या तर दोन्ही पार्ट्यांची अब्रू जाणार. तेवढ्यावर मात्र एकमत होतं. शेवटी झुंबर ठरला, कारण त्याचा कोणालाच हेवा वाटत नव्हता. त्याच्या मागे दोन्हीकडचे पाच-पाच शहाणे.

बाईंनी त्याला शिकवलं, एकच विषय धरायचा, भुयारी रस्त्याशिवाय दुसरं बोलायचं नाही.

खासदारांनी नाव विचारलं. झुंबर म्हणाला, "भुयारी रस्ता पाहिजे." खासदारांनी चहा घेणार का विचारलं. "भुयारी रस्ता पाहिजे." खासदार उठून आत गेले. चहा मागच्या दहा जणांनी घेतला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, आधी घरच्यांची खुशाली विचारावी. वडील कसे आहेत, तब्येत बरी आहे ना, असं."

"ध्यानात ठेवतो, बाई," झुंबर म्हणाला. आणि त्याने ठेवलं. हीच तर पंचाईत होती.

महिन्याभरात खासदारांचे वडील वारले. शिष्टमंडळ भेटायला गेलं. खासदार डोकं भादरून बसलेले, शेजारी फोटोला हार. झुंबरने विचारलं, "वडील कसे आहेत? तब्येत बरी आहे ना?"

बाई म्हणाल्या, "अशा वेळी डोळ्यांत पाणी आणावं. म्हणावं, फार वाईट झालं, देवाने पुन्हा असा दिवस दाखवू नये."

"ध्यानात ठेवतो, बाई."

पुढे खासदार दिल्लीत कसल्याशा समितीचे अध्यक्ष झाले. जिल्ह्याच्या गावी मोठा सत्कार होता. बँड वाजत होता. झुंबर त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडला. "फार वाईट झालं, साहेब. देवाने पुन्हा असा दिवस दाखवू नये."

गावाने आता तरी माणूस बदलावा ना? पण बदलायचा म्हणजे पुन्हा भांडण. मूर्ख परवडला, पण समोरच्या पार्टीचा शहाणा नको, असं हे गाव.

बाईंचा आवाज बसला होता, तरी त्यांनी शिकवलं. "मोठ्या माणसाने काही जाहीर केलं की हार घालावा, टाळ्या वाजवाव्यात, पेढे वाटावेत. म्हणावं, साहेब, हे तुमच्यामुळेच झालं."

"ध्यानात ठेवतो, बाई."

निवडणूक तोंडावर आली होती. खासदारांनी राग गिळला आणि शिष्टमंडळाला दिल्लीला नेऊन थेट मंत्र्यांपुढे उभं केलं. सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून बाई घरीच राहिल्या. चौथ्या दिवशी मंडळी परतली. बाई दारातच उभ्या होत्या. काय झालं, त्यांनी विचारलं.

झुंबर खुशीत होता. "मंत्रिसाहेबांनी फाईल वाचली, बाई. म्हणाले, भुयारी रस्ता होणार नाही, फाटकावर भिंत येणार. गावाची हरकत असेल तर आत्ता सांगा, काम थांबवतो."

"मग? तू काय सांगितलंस?"

"तुम्ही शिकवलं तेच. हार घातला. पेढे दिले. म्हणालो, साहेब, हे तुमच्यामुळेच झालं. त्यांनी तिथल्या तिथे सही केली."

बाईंनी त्याच्या मागच्या दहा शहाण्यांकडे पाहिलं.

"आणि ही मंडळी काय करत होती?"

"त्यांचं काही चुकलं नाही, बाई," झुंबर म्हणाला. "मी टाळ्या वाजवल्या, की तेही वाजवत होते."