बिरूनं मोजलेली फट

कागलच्या अलीकडं एका गावात बिरू नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. सगळा घोळ त्यामुळंच व्हायचा.

बिरूचे दाजी केरबा मेस्त्री कोल्हापुरात लिंबाएवढी इंजिनं करायचे आणि छोट्या विमानांना बसवायचे. तिथं दर वर्षी विमानांची स्पर्धा व्हायची. मैदानात दोरी बांधायची. तिला न शिवता जे विमान सगळ्यात जवळून वरून जाईल, त्याला ढाल. दाजी दर वर्षी दुसरे यायचे. यंदा ढाल आणायचीच म्हणून त्यांनी नवं इंजिन केलं आणि मदतीला मेव्हण्याला बोलावलं.

"हे बघ," दाजी म्हणाले, "आत दट्ट्या वर येतो. तो टोपणाला टेकता कामा नये, पण फार लांबही राहू नये. मधली फट डोळ्याला दिसत नाही. म्हणून आत मऊ शिशाची तार घालायची आणि पंखा हातानं फिरवायचा. तार चपटी होते. ती काढून मोजायची. जेवढी तार जाड, तेवढी फट."

"म्हणजे फट दिसत नसली की मधे मऊ घालून दाबायचं."

"शाबास!"

बिरूला कळलं.

संध्याकाळी बिरूची बहीण आक्का म्हणाली, "बिरू, ट्रंकेचं झाकण माझ्या नव्या इरकल साडीला टेकतंय का बघ रं."

झाकण लावल्यावर आतलं काय दिसणार? बिरूनं इरकलीवर पिकलेलं केळं ठेवलं, झाकण लावलं आणि वर बसला.

"आक्का, टेकत नाही. अर्धं बोट जागा आहे."

आक्कानं ट्रंक उघडली. "मुडद्या! मऊच घालायचं होतं तर डाग पडणार नाही असं तरी घालायचं!"

बिरूला कळलं.

दुसऱ्या दिवशी दाजींनी त्याला इंजिनातली फट मोजायला सांगितली. शिशाचा काळा डाग बोटाला लागला. बिरूनं तार बाजूला ठेवली आणि आत कापूस भरला.

"दाजी, फट अंगठ्याएवढी!"

"अख्खं इंजिन लिंबाएवढं, त्यात अंगठ्याएवढी फट कुठली! कापूस दबून परत फुगतो, शहाण्या. दाबलं की तसंच राहील असं पाहिजे. आणि फटीपेक्षा चांगलं जाड. नाहीतर दट्ट्या त्याला शिवणारच नाही, मग कळणार काय, कपाळ?"

बिरूला कळलं.

दाजी दुपारभर चिमट्यानं कापूस काढत बसले. मग तार घालून फट त्यांनी स्वतःच मोजली आणि जुळवली. इंजिन असं गुणगुणायला लागलं की आक्का इरकल विसरली.

रविवारी दाजींचं आणि गेल्या वर्षीच्या विजेत्याचं विमान दोरीवरून गेलं. पंच म्हणाले, "दोन्ही सारखीच दिसली. पुन्हा उडवा."

"अहो, माझं जास्त जवळून गेलं!" दाजी कळवळले. "पण एवढ्या वेगात फट दिसते कुणाला?"

बिरूनं ते ऐकलं. कडेला पुरीभाजीची गाडी होती. गाडीवर कणीक मळून ठेवलेली. मऊ. डाग पडत नाही. दाबली की तशीच राहते. आणि जाड पाहिजे म्हणून त्यानं सगळीच उचलली.

दाजींचं विमान आभाळात होतं, लोकांच्या माना वर होत्या. बिरूनं दोरीच्या मधोमध कणीक थापली. विमान वळलं, खाली उतरलं, अगदी सरळ रेषेत आलं.

धप्प!

पंख एकीकडं, शेपूट एकीकडं. इंजिन पुरीवाल्याच्या कढईत. दाजी मटकन खाली बसले.

बिरूनं दोरीवरची कणीक अलगद सोडवली, तिला फूटपट्टी लावली आणि आनंदानं धावत दाजींकडं आला.

"दाजी, अर्धाच इंच! अहो, मधे कणीक नसती तर आपणच जिंकलो होतो!"