फणसाची लेक

लाकडालाही वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. एका मठात पोथी ठेवायची लाकडी ठवणी होती. रोज पोथी अंगावर घेऊन तिला सगळं ज्ञान पाठ झालं होतं, आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

खिडकीबाहेर एक म्हातारा फणस होता. त्याची फांदी तोडलेल्या जागी अजून चीक पाझरायचा.

ठवणी वैतागायची. "अहो फणसोबा, किती रडाल? देह जातो, आत्मा जात नाही. पोथीतच आहे तसं."

"असेल, बाई," फणस म्हणायचा. "पण अंगणाकडची फांदी म्हणजे लेक होती माझी. तिचं पुढं काय झालं, कोणी सांगितलंच नाही."

एका वादळात फणस उन्मळून पडला. ठवणीचा पाय तडकला होता, म्हणून सुतारानं त्याच लाकडाचा नवा पाय बसवला. "कसा चपखल बसला बघा!" तो स्वामींना म्हणाला. "बसणारच. हिला मी याच झाडाच्या अंगणाकडच्या फांदीतून घडवली होती."

दुसऱ्या दिवशी स्वामींनी पोथी उघडली. आत्मा जात नाही, हे सांगण्याआधी पोथीतल्या गुरूनं रडणाऱ्या शिष्याला जवळ घेतलं होतं, त्याचे डोळे पुसले होते. ती ओळ ठवणीनं रोज ऐकली होती. पाठ मात्र पुढचीच केली होती.

"बाबा," तिनं हाक मारली.

खिडकीबाहेर नुसतं ऊन होतं.